नामपट्टी-साचे, आरेखनातील

संगणकावर आरेखन करताना एकाच घडणीचे, पण दर ठिकाणी मजकूर निराळा असलेले छोटे लेख पुनःपुन्हा द्यावे लागतात. दरवाजे-खिडक्यांचे क्रमांक, स्तंभांच्या खुणा, खोल्यांची नावे, नळांचे व्यास, उपकरणांचे संकेतांक, पातळ्यांचे आकडे, तसेच कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील शीर्षक-चौकट ही त्यांची परिचित उदाहरणे होत. अशा लेखास येथे नामपट्टी म्हटले आहे. आरेखन-कार्यालयात त्यास सामान्यतः लेबल किंवा टॅग म्हणतात. नामपट्टीचे न बदलणारे स्वरूप एकदाच ठरवून आणि बदलणाऱ्या मजकुरासाठी नावानिशी जागा राखून जो नमुना करून ठेवण्यात येतो, त्यास नामपट्टी-साचा म्हणतात. तो एकाच आरेखनात शेकडो वेळा आणि पुढील आरेखनांतही वापरता येतो.

साच्यामुळे आरेखकाचा वेळ वाचतो हे खरे. पण तो त्याचा गौण लाभ होय. सुटा लिहिलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने केवळ अक्षरांची ओळ असतो. ती कशाविषयी आहे हे त्याला कळत नाही. साच्यातून लिहिलेला मजकूर मात्र ‘दरवाजाचा क्रमांक’ किंवा ‘नळाचा व्यास’ अशा ठरावीक नावाखाली साठविला जातो. त्यामुळे तो शोधता, मोजता, पडताळता आणि सूचीच्या रूपाने बाहेर काढता येतो. या गोष्टीस महत्त्व येण्याचे कारण असे की, नामपट्टीतील चूक रेषेतील चुकीपेक्षा अधिक काळ लपून राहते. भिंतीत चुकीच्या जागी काढलेला दरवाजा अनुभवी डोळ्याला खुपतो. परंतु १०१ ऐवजी ११० असा क्रमांक पडलेली नामपट्टी दिसण्यात अगदी निर्दोष असते. चूक उघडकीस येते ती माल कारखान्यातून येऊन पडल्यावर, किंवा त्याहून वाईट म्हणजे जोडणी झाल्यानंतर.

पूर्वपीठिका : हाताने आरेखन करण्याच्या काळातही अक्षरे एकसारखी यावीत यासाठी साधने वापरीत. अक्षरांच्या आकाराच्या फटी असलेली प्लॅस्टिकची पट्टी (स्टेन्सिल) आणि त्यात बसणारे ठरावीक जाडीचे शाईचे पेन हे त्यांतील सर्वांत प्रचलित साधन होते. अमेरिकेतील कॉयफेल अँड एसर कंपनीच्या ‘लेरॉय’ संचात पट्टीवरील खोबणीतून एक खिळी फिरविली की, तिच्याशी जोडलेले पेन कागदावर तेच अक्षर उमटवीत असे. घासून उमटवायच्या तयार अक्षरांचे तक्तेही पुढे मिळू लागले. शीर्षक-चौकट पारदर्शक कागदावर आधीच छापून घेण्याची किंवा तिचा रबरी शिक्का करण्याची पद्धत अनेक कार्यालयांत होती. महाराष्ट्रातील सार्वजनिक बांधकाम व पाटबंधारे खात्यांत आरेखकाच्या हाताखाली अनुरेखक असत. मूळ आरेखन पारदर्शक कागदावर वा कापडावर उतरविणे आणि त्यावरील अक्षरे नीट काढणे हा त्यांच्या कामाचा मोठा भाग असे. छापील चौकट हा एका अर्थी नामपट्टी-साचाच होता. कारण तिच्यात स्थिर भाग छापलेला व चल भाग रिकामा ठेवलेला असे. तथापि रिकाम्या जागी जे लिहिले जाई, त्याचा इतर कोठल्याही नोंदीशी संबंध नसे. दरवाजांची सूची करायची तर नकाशे समोर ठेवून ती हातानेच लिहावी लागे, आणि नकाशा व सूची यांत तफावत पडणे ही नित्याची बाब होती.

संगणकीय साच्याची मूळ कल्पना आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ या प्रणालीत आढळते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेस १९६३ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी ती मांडली. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकावर ती चालत असे. तीत एखादी आकृती ‘मूळ’ म्हणून काढून तिच्या कितीही ‘प्रती’ चित्रात ठेवता येत. प्रत्येक प्रतीची जागा, आकारमान व कोन वेगळा असू शके. परंतु मुळात बदल करताच तो सर्व प्रतींत दिसे. पुढील बहुतेक आरेखन प्रणालींनी हेच तत्त्व स्वीकारले. १९८२ मध्ये ऑटोडेस्क या अमेरिकन कंपनीने वैयक्तिक संगणकासाठी ऑटोकॅड ही प्रणाली बाजारात आणली. तीत अशा मूळ आकृतीस ‘ब्लॉक’ हे नाव आहे. ब्लॉकला बदलता मजकूर जोडण्याची सोय, म्हणजे ‘ॲट्रिब्यूट’, त्याच दशकात तीत आली. भारतातील आरेखन-कार्यालयांत आणि प्रशिक्षण संस्थांत ऑटोकॅड अतिशय रुळलेली असल्याने पुढील विवेचन प्रामुख्याने तिच्या आधारे केले आहे.

रचना : ॲट्रिब्यूट म्हणजे ब्लॉकमध्ये चल मजकुरासाठी राखलेली जागा. ती निर्माण करताना तीन गोष्टी द्याव्या लागतात. पहिली म्हणजे टॅग. हे त्या जागेचे अंतर्गत नाव असून त्यात रिकामी जागा चालत नाही. दुसरी विचारणा, म्हणजे ब्लॉक आरेखनात ठेवताना आरेखकासमोर येणारा प्रश्न; उदा., ‘दरवाजाचा क्रमांक?’. तिसरी म्हणजे काहीच न लिहिल्यास जो मजकूर धरला जाईल तो, म्हणजेच गृहीत मूल्य. यांखेरीज मजकुराची उंची, अक्षरशैली, बिंदूशी असलेली मांडणी आणि काही अवस्था ठरविता येतात. ‘अदृश्य’ अवस्थेतील मजकूर साठविला जातो, पण कागदावर उमटत नाही. ‘स्थिर’ अवस्थेतील मजकूर सर्व प्रतींत एकच राहतो. ‘पूर्वनिश्चित’ अवस्थेत प्रश्न न विचारता गृहीत मूल्य घातले जाते. मात्र ते नंतर बदलता येते.

साचा समजून घेण्याची गुरुकिल्ली माहिती कोठे साठविली जाते यात आहे. आरेखनाच्या फायलीत ब्लॉकची व्याख्या एकदाच असते. वर्तुळ, रेषा, स्थिर अक्षरे आणि ॲट्रिब्यूटची व्याख्या (टॅग, विचारणा, गृहीत मूल्य) एवढे तीत येते. आरेखनात ठेवलेली प्रत्येक प्रत ही या व्याख्येकडे बोट दाखविणारी केवळ एक नोंद असते. तीत जागा, प्रमाण व कोन असतात. वर्तुळ पुन्हा साठविलेले नसते. चल मजकूर मात्र व्याख्येत राहू शकत नाही, कारण तो दर प्रतीत वेगळा असतो. म्हणून प्रत्येक प्रतीच्या मागोमाग तिच्या ॲट्रिब्यूटच्या स्वतंत्र नोंदी लिहिलेल्या असतात, आणि त्यांत मजकुराबरोबर त्याची उंची, जागा व शैलीही असते. आरेखनाची डीएक्सएफ स्वरूपातील फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहिल्यास ही रचना उघड दिसते. साचे वापरताना जे घोटाळे होतात, त्यांतील बरेचसे आकृती मुळात व मजकूर प्रतीत या विभागणीतून उद्भवतात.

साचा तयार करणे : निवासी इमारतीच्या तलविन्यासातील दरवाजाची नामपट्टी हे सोपे उदाहरण घेता येईल. कागदावर ८ मिमी. व्यासाचे एक वर्तुळ आणि त्यात ‘डी-१’ असा क्रमांक दिसावा, एवढेच अपेक्षित आहे. प्रथम वर्तुळ काढतात. ते ‘०’ या नावाच्या स्तरावर (लेअर) काढणे इष्ट असते. कारण त्या स्तरावरील घटक ब्लॉक ज्या स्तरावर ठेवला जाईल त्याचे गुण घेतात. दुसऱ्या स्तरावर काढलेला घटक आपला मूळ स्तर सोडत नाही, आणि पुढे तो स्तर झाकला की, आकृतीचा निम्मा भाग नाहीसा होतो. यानंतर वर्तुळाच्या मध्यबिंदूशी मध्य-मांडणीने क्रमांकाचे ॲट्रिब्यूट ठेवतात. डावीकडून मांडलेला मजकूर ‘डी-१’ असेपर्यंत ठीक दिसतो. ‘डी-१२’ होताच तो वर्तुळाबाहेर जातो.

केवळ क्रमांकावर न थांबता दरवाजाची रुंदी, उंची, फळीचा प्रकार व चौकटीचे लाकूड ही चार ॲट्रिब्यूटे अदृश्य अवस्थेत जोडली, तर साच्याची उपयुक्तता अनेक पटींनी वाढते. रुंदीचे गृहीत मूल्य ९०० मिमी. व उंचीचे २,१०० मिमी. ठेवले, तर बहुतेक दरवाजांसाठी ते बदलावेही लागत नाही. मात्र गृहीत मूल्याचा मोह आवरता घेणे श्रेयस्कर. जे मूल्य दर वेळी विचारपूर्वक भरले जायला हवे, उदा., अग्निरोधक दरवाजाची वर्गवारी, तेथे गृहीत मूल्य न देता प्रश्नचिन्हे ठेवावीत. न भरलेली जागा तपासनीसाला दिसली पाहिजे. संभाव्य वाटणाऱ्या मूल्याने ती झाकली जाऊ नये.

सर्व घटक तयार झाल्यावर ते ब्लॉक करण्यासाठी निवडतात. ॲट्रिब्यूटे ज्या क्रमाने एकेक करून निवडावीत त्या क्रमाने पुढे प्रश्न विचारले जातात. सर्व एकदम घेरून निवडल्यास क्रम उलटासुलटा येऊ शकतो. क्रम नंतर दुरुस्त करता येतो, तरी तो प्रथमच नीट असणे सोयीचे असते, कारण भरणारा हात सवयीने चालतो. शेवटी निवेशबिंदू आणि नाव ठरवितात. आधारबिंदू आकृतीपासून दूर कोठेतरी राहिला, तर नामपट्टी दर वेळी भलतीकडे जाऊन बसते. नवशिक्यांकडून हे फार वेळा होते. तयार ब्लॉक स्वतंत्र फाइल म्हणून संग्रहात ठेवला की, तो इतर आरेखनांत आणता येतो.

नावाच्या बाबतीत एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे. एका आरेखनात ‘दरवाजा’ नावाचा ब्लॉक असून दुसऱ्या आरेखनातून त्याच नावाचा, पण वेगळ्या घडणीचा ब्लॉक चिकटविला, तर आधीपासून असलेली व्याख्या टिकते आणि आलेल्या प्रती तिचे रूप घेतात. मजकूर मात्र त्यांच्यासोबत आलेला असतो. वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि वातानुकूलन सल्लागार यांची आरेखने एकत्र करताना अशी सरमिसळ विशेषकरून होते. म्हणून ब्लॉकच्या नावात कार्यालयाचे संक्षिप्त रूप, विषय आणि आवृत्ती-क्रमांक घालण्याचा प्रघात सुजाण कार्यालयांत आहे.

अक्षरांची उंची : तांत्रिक आरेखनांवरील अक्षरांसाठी आयएसओ ३०९८ हे आंतरराष्ट्रीय व आयएस ९६०९ हे भारतीय मानक आहे. त्यांत अक्षरांच्या उंची १.८, २.५, ३.५, ५, ७, १०, १४ व २० मिमी. अशा दिलेल्या आहेत. या श्रेणीतील प्रत्येक उंची मागील उंचीच्या सु. १.४ पट, म्हणजे २ च्या वर्गमूळाइतक्या पटीत असते. ए-१, ए-२, ए-३ या कागदांच्या बाजूंमध्येही हेच गुणोत्तर असते. त्यामुळे ए-१ आरेखन ए-२ कागदावर लहान करून घेतले, तर ३.५ मिमी. चे अक्षर आपोआप २.५ मिमी. चे होते आणि आरेखन मानकातच राहते. रेषेची जाडी अक्षराच्या उंचीच्या १/१४ (अ प्रकार) किंवा १/१० (ब प्रकार) असते. तिरपी अक्षरे उभ्या रेषेपासून १५° कललेली असतात.

कागदावरील ही उंची संगणकात कशी साधावी, हा आरेखकाला पडणारा नेहमीचा प्रश्न. संगणकात इमारत खऱ्या मापाने काढली जाते आणि छपाईच्या वेळी लहान केली जाते. १ : १०० प्रमाणावर २.५ मिमी. चे अक्षर हवे असल्यास ते आरेखनात २५० मिमी. उंचीचे असावे लागते. १ : ५० प्रमाणावर १२५ मिमी. म्हणजेच एकच तलविन्यास दोन प्रमाणांवर छापायचा तर नामपट्ट्यांचे दोन संच लागत आणि एक बदलला की, दुसरा बदलण्याचे विसरून जाई. ऑटोकॅडच्या २००८ या आवृत्तीपासून (ती २००७ मध्ये आली) ब्लॉकला व मजकुराला कागदावरील उंची देऊन ठेवण्याची सोय झाली. दृश्याच्या प्रमाणानुसार प्रणाली स्वतः त्याचा आकार ठरविते. वरील दरवाजाच्या साच्यास ही सोय दिल्यास वर्तुळ ८ मिमी. चे व अक्षर २.५ मिमी. चेच काढावे लागते. जुन्या पद्धतीचे मोठे करून ठेवलेले ब्लॉक आणि हे नवे ब्लॉक एकाच आरेखनात मिसळल्यास काही नामपट्ट्या भिंतीएवढ्या, तर काही दिसणारही नाहीत एवढ्या लहान होतात.

अक्षरशैलीची फाइल आरेखनात अंतर्भूत नसते. ज्या संगणकावर ती शैली नाही, तेथे प्रणाली दुसरी शैली वापरते, अक्षरांची रुंदी बदलते आणि चौकटीत बरोबर बसलेला मजकूर रेषेवर चढतो. साच्यांसाठी आकर्षक शैलीपेक्षा सर्वत्र असणारी शैली निवडावी, हे उचित.

मूळ साच्यातील बदल : काम निम्मे झाल्यावर साचा बदलण्याची वेळ हमखास येते. वर्तुळाऐवजी षट्‌कोन हवा असे ठरले, तर व्याख्या नव्याने लिहिताच सर्व प्रतींत षट्‌कोन दिसू लागतो. परंतु त्याच वेळी ‘कुलपाचा प्रकार’ हे नवे ॲट्रिब्यूट जोडले असल्यास ते जुन्या प्रतींत येत नाही; कारण वर सांगितल्याप्रमाणे ॲट्रिब्यूटच्या नोंदी प्रतींजवळ असतात. नवीन ठेवलेल्या दरवाजांना सहा जागा आणि जुन्यांना पाच, असे मिश्रण होते, आणि ती जागा अदृश्य असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. यावर उपाय म्हणून प्रती व व्याख्या यांचा मेळ घालणारी स्वतंत्र आज्ञा आहे. ती नवी जागा गृहीत मूल्यासह सर्व प्रतींत घालते, काढून टाकलेली जागा पुसते आणि उरलेल्या जागांतील मजकूर राखते. मात्र कोणती जागा कोणती हे ती टॅगवरूनच ओळखते. ‘क्रमांक’ हा टॅग बदलून ‘दरवाजा_क्रमांक’ केला, तर प्रणालीच्या मते जुनी जागा गेली व नवी आली, आणि भरलेले क्रमांक नाहीसे होतात. एखाद्या प्रतीतील मजकूर गर्दी टाळण्यासाठी हाताने बाजूला सरकविलेला असल्यास तोही मूळ जागी परत येतो. टॅगची नावे सुरुवातीलाच विचार करून ठरवावीत व नंतर त्यांना हात लावू नये, असे जाणते लोक सांगतात ते यासाठीच.

ब्लॉक फोडण्याची (एक्स्प्लोड) आज्ञा याहून घातक ठरते. फोडताच भरलेला मजकूर जातो व त्या जागी टॅगचे नाव उरते. ‘डी-१’ च्या ठिकाणी ‘क्रमांक’ असे दिसू लागते. मजकूर राखून ब्लॉक फोडणारी वेगळी आज्ञा (बर्स्ट) उपलब्ध आहे. तथापि तीतून निघालेला मजकूर पुन्हा सुटा होतो व सूचीत येत नाही. घाईत असलेला आरेखक एखादी नामपट्टी जागेवर बसत नाही म्हणून ती फोडतो, हाताने दुरुस्त करतो, आणि त्या क्षणापासून तो दरवाजा हिशोबातून वगळला जातो. छापील कागदावर याचा मागमूस राहत नाही.

शीर्षक-चौकट : हा सर्वांत महत्त्वाचा नामपट्टी-साचा होय, कारण आरेखन कोणते, कोणाचे व कितव्या सुधारणेचे हे तोच सांगतो. आयएसओ ७२००च्या २००४ च्या आवृत्तीत चौकटीची रुंदी १८० मिमी. ठेवलेली असून मालकाचे नाव, ओळख क्रमांक, प्रसृत केल्याची तारीख, पृष्ठ क्रमांक, शीर्षक, मान्यता देणारा, तयार करणारा आणि दस्तऐवजाचा प्रकार या बाबी आवश्यक मानलेल्या आहेत. ओळख क्रमांकासाठी १६ व तारखेसाठी १० अक्षरे अशी लांबीची शिफारसही त्यात आहे. भारतीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत पूर्वापार १८५ मिमी. × ६५ मिमी. ची चौकट शिकविली जात आली आहे.

चौकटीतील काही मजकूर माणसाने भरण्याचे कारण नसते. फाइलचे नाव, पृष्ठ क्रमांक, छपाईचे प्रमाण ही माहिती संगणकापाशी असतेच. अशा ठिकाणी ॲट्रिब्यूटच्या मूल्यात ‘फील्ड’ घालण्याची सोय ऑटोकॅडमध्ये २००४ साली आली. फील्ड म्हणजे ज्याची किंमत प्रणाली स्वतः शोधून दाखविते असा मजकूर. बंदिस्त आकृतीचे क्षेत्रफळही फील्डद्वारे दाखविता येते. त्यामुळे खोलीच्या नामपट्टीतील चौ. मीटरचा आकडा भिंत हलविल्यावर सुधारतो. संदर्भ तुटल्यास त्या जागी ‘####’ अशी खूण दिसते, आणि हे चांगलेच आहे. परंतु तारखेच्या बाबतीत फील्डचा वापर सांभाळून केला पाहिजे. चौकटीत ‘आजची तारीख’ हे फील्ड ठेवलेले आरेखन दोन वर्षांनी पुन्हा छापले, तर त्यावर छपाईच्या दिवसाची तारीख येते, आणि मान्यता त्याच दिवशी मिळाल्याचा भास होतो. छपाईची तारीख आपोआप यावी. मान्यतेची तारीख व सुधारणा-क्रमांक मात्र माणसानेच लिहावे व त्याचे उत्तरदायित्व घ्यावे.

सूची व पडताळा : साच्यांतून भरलेला मजकूर टॅगनुसार स्तंभ पाडून बाहेर काढता येतो आणि तक्त्याच्या रूपाने आरेखनातच मांडता येतो किंवा हिशोब-तक्त्याच्या प्रणालीत नेता येतो. दरवाजांच्या उदाहरणात ‘९०० × २,१०० मिमी., सागवानी चौकट’ या वर्णनाचे दरवाजे किती, याचे उत्तर मोजणी न करता मिळते. त्याहून मोलाची असते ती विसंगती. एकच क्रमांक दोनदा आला आहे का, क्रमांकाविना दरवाजा आहे का, प्रश्नचिन्हे कोठे उरली आहेत, हे तक्ता क्रमवार लावताच दिसते.

रसायन व तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या नळ व उपकरण आरेखनांत या पडताळ्यावर बरेच काही अवलंबून असते. तेथे प्रत्येक उपकरण वर्तुळाने दाखवितात. वर्तुळाच्या वरच्या भागात कार्यदर्शक अक्षरे व खाली मंडलाचा क्रमांक असतो. आयएसए-५.१ या अमेरिकन मानकातील संकेतांनुसार ‘एफटी’ म्हणजे प्रवाहमाप प्रेषक, ‘पीआय’ म्हणजे दाबदर्शक, ‘टीआयसी’ म्हणजे तापमान दर्शक नियंत्रक. ‘एफटी-१०१’ हा एकच संकेतांक आरेखनावर, उपकरण-सूचीत, खरेदीच्या मागणीपत्रात, तारांच्या जोडणी-तक्त्यात, नियंत्रण-कक्षाच्या पडद्यावर आणि शेवटी उपकरणाला अडकविलेल्या धातूच्या पट्टीवर येतो. दुरुस्तीसाठी कोणते उपकरण बंद करायचे हे कामगार त्या पट्टीवरूनच ठरवितो. हे सर्व ठिकाणचे लेख एकाच नोंदीतून निघालेले असणे आणि सहा जणांनी सहा वेळा टंकलेले असणे, यांत सुरक्षिततेच्या दृष्टीने केवढा फरक आहे, हे सांगणे नलगे. अशा साच्यात अक्षरे व क्रमांक यांसाठी दोन वेगळी ॲट्रिब्यूटे ठेवतात. म्हणजे एका मंडलातील सर्व उपकरणे क्रमांकावरून एकत्र काढता येतात.

इतर प्रणाली : मायक्रोस्टेशनमध्ये ब्लॉकला ‘सेल’ म्हणतात व त्यास टॅग जोडता येतात. फ्रीकॅड या मुक्त प्रणालीत शीर्षक-चौकट एसव्हीजी प्रकारच्या चित्र-फायलीत असते आणि बदलता मजकूर विशिष्ट खूण करून संपादनक्षम ठेवतात. रेव्हिटसारख्या इमारत-प्रतिमान प्रणालींनी मात्र मूळ संबंधच उलटा केला आहे. त्यांत दरवाजा ही स्वतंत्र वस्तू असून क्रमांक, रुंदी इ. माहिती तिच्यापाशी असते. नामपट्टी ती माहिती केवळ वाचून दाखविते. नामपट्टी पुसली तरी माहिती राहते, आणि नामपट्टीत क्रमांक बदलल्यास दरवाजाचाच क्रमांक बदलतो. ऑटोकॅडमधील नामपट्टी दरवाजाच्या चित्राशेजारी ठेवलेली असते, त्याला बांधलेली नसते. दरवाजा पुसला तरी ‘डी-१’ जागेवर राहू शकतो. प्रतिमान प्रणालीत असे होत नाही. तेथे साच्याचे काम बरेचसे मांडणीपुरते उरते.

देवनागरी मजकूर : महाराष्ट्रात शासकीय नकाशे, भूमापन व नगररचना यांच्या आरेखनांत मराठी नामपट्ट्या लागतात. ऑटोकॅडची जुनी अक्षरे रेषाखंडांनी बनविलेली, मुख्यतः रोमन लिपीसाठी होती. देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा त्यांत बसविणे अवघड होते. म्हणून पुष्कळ कार्यालयांनी रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसविलेल्या अक्षरशैली वापरल्या. कागदावर मराठी दिसे. फायलीत मात्र रोमन अक्षरांची असंबद्ध जुळणी साठविलेली असे. सुट्या मजकुरात याने फारसे बिघडत नाही. परंतु साच्यातील मजकूर सूचीत काढताच ‘शयनगृह’ च्या जागी निरर्थक अक्षरे येतात, आणि शोध घेऊनही ‘शयनगृह’ सापडत नाही. शिवाय ती शैली नसलेल्या संगणकावर नकाशाच वाचता येत नाही. युनिकोड संकेतनाने हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. मात्र जुन्या साच्यांतील गृहीत मूल्ये, विचारणा आणि आधी भरलेला मजकूर यांचे रूपांतर वेगळे करावे लागते. ते करताना प्रत्येक टॅग स्वतंत्रपणे तपासावा लागतो, कारण एकाच नामपट्टीत खोलीचे नाव जुन्या शैलीत आणि क्षेत्रफळ साध्या अंकांत असते, आणि सरसकट रूपांतर केल्यास अंकच बिघडतात.

पुणे महानगरपालिकेसारख्या संस्थांत बांधकाम आराखड्यांची छाननी संगणकाद्वारे होऊ लागल्यापासून या शिस्तीला नवे कारण मिळाले आहे. छाननी करणारी प्रणाली ठरावीक स्तरांवरील आकृती आणि त्यांची ठरावीक नावे वाचून खोल्यांची मापे, मोकळी जागा, वाहनतळ इत्यादींचा हिशोब करते. ‘किचन’ च्या जागी वेगळ्या वर्णरचनेने लिहिलेले नाव माणूस समजून घेतो. प्रणाली ती खोली ओळखत नाही आणि आराखडा दुरुस्तीसाठी परत येतो. त्यामुळे विहित नावे आधीच भरलेले साचे तयार ठेवण्याकडे वास्तुविशारदांच्या कार्यालयांचा कल आहे. नियम सुधारले की, त्यांतील नावेही सुधारावी लागतात, आणि जुन्या कामाची फाइल उघडून तिच्यावरून नवे काम सुरू करण्याच्या सवयीमुळे मागील नियमांतील नामपट्ट्या नव्या आराखड्यात शिरतात.